हिशेब चुकतो कोठे? नवशिक्याची आज्ञावली आणि तिच्यातील दोष

संगणक कधी चुकत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. हे विधान खरे आहे, पण त्यातून नको तो अर्थ निघतो. संगणक सांगितलेले तेवढेच करतो. जे सांगितले ते बरोबर आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याला सांगावयाच्या कामाची जी क्रमवार यादी, तिला इंग्रजीत प्रोग्राम आणि आपल्याकडे आज्ञावली म्हणतात. ती माणूस लिहितो, आणि माणूस चुकतो. या चुका शोधून दुरुस्त करण्याच्या कामाला डीबगिंग असे नाव पडले आहे. हा विषय कॉलेजातल्या मुलांचा, आपल्याला त्याचे काय, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. परंतु बँकेतले व्याज, विजेचे बिल, निवृत्तिवेतनाची रक्कम आणि नातवाच्या परीक्षेचा निकाल ही सर्व आज कोणी ना कोणी लिहिलेल्या आज्ञावलीतून बाहेर पडतात. तेव्हा चूक शिरते कशी आणि सापडते कशी, हे आपणही समजून घ्यावे हे बरे.

नागपुरात उन्हाळ्यात बोलावयाचे तर उदाहरण उन्हाचेच घेऊ. सेल्सिअसचे फॅरनहाइट करण्याचा नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो: सेल्सिअसच्या आकड्याला नऊ पंचमांशाने गुणावे आणि त्यात ३२ मिळवावे. सी नावाच्या भाषेत शिकाऊ विद्यार्थी हे जसेच्या तसे उतरवतो. आधी नऊ भागिले पाच, मग गुणिले तापमान, मग अधिक ३२. मे महिन्यातले आपले ४५ अंश तो यंत्राला देतो. उत्तर यावयाचे ११३; येते ७७. म्हणजे २५ सेल्सिअस! मे महिन्यात सीताबर्डीला २५ अंश असते तर आपण सर्वांनी आनंदाने सभागृहाबाहेर व्याख्यान ऐकले असते.

आता चूक कोठे आहे? नियम बरोबर, आकडे बरोबर, यंत्राने तक्रारही केलेली नाही. चूक अशी की सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असतो. तिसरीतल्या मुलाप्रमाणे यंत्र म्हणते, पाचाने नवाला भागले, भागाकार १, बाकी ४. आणि बाकी ते टाकून देते. नऊ पंचमांशाचा झाला १, आणि ४५ अधिक ३२ बरोबर ७७. हेच गणित तापमानाला आधी नवाने गुणून मग पाचाने भागा असे मांडले तर ४०५ ला ५ ने भाग जाऊन ८१ येतात, त्यात ३२ मिळवून ११३. कागदावर या दोन मांडण्यांत काडीचा फरक नाही. यंत्राच्या लेखी जमीनअस्मानाचा आहे. तथापि ही दुसरी मांडणीही निर्दोष नव्हे. ४४ अंश दिले तर ती १११ सांगेल, खरे उत्तर १११.२ आहे. खरा उपाय म्हणजे ९ च्या जागी ९.० लिहून हा अपूर्णांकांचा व्यवहार आहे हे यंत्राला स्पष्ट सांगणे. पायथन या भाषेत आज नऊ भागिले पाच केल्यास १.८ मिळतात, पण तिच्याच जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत १ मिळत असे. एकाच भाषेच्या दोन पिढ्यांचा भागाकाराबद्दल मतभेद असावा ही गोष्ट आपल्या घराघरांतून अपरिचित नाही.

या लहानशा उदाहरणातली खरी मेख पुढे आहे. समजा, त्या विद्यार्थ्याने आज्ञावली तपासून पाहण्यासाठी ४५ ऐवजी शून्य अंश घेतले असते. उत्तर ३२ आले असते, म्हणजे अगदी बरोबर. शून्याला एकाने गुणा की १.८ ने, शून्यच. त्याने समाधानाने वही मिटली असती. तपासणीसाठी घेतलेला आकडा सोयीचा असला की तपासणी नावापुरती होते. आणि ७७ हे उत्तर चुकीचे आहे हे आपल्याला कळले ते यंत्राने सांगितले म्हणून नव्हे, आपण नागपूरकर आहोत म्हणून. उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज ज्याच्यापाशी आधीच असतो त्यालाच चूक दिसते.

याचा प्रत्यय या शहराला अलीकडेच आला. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि वृत्तपत्रांतून ते देशभर गाजले. त्याच दिवशी परिसरातल्या दुसऱ्या काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. एकाच शहरात काही कोसांच्या अंतरात १२ अंशांचा फरक पडत नाही. तापमान मोजणाऱ्या संवेदकातच बिघाड असल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. येथे दोष आज्ञावलीत नव्हता, उपकरणात होता. पण शोधण्याची रीत तीच: शेजारच्या आकड्याशी ताडून पाहणे.

नवशिक्याला प्रथम भेटतात त्या चुका मात्र याहून सोप्या असतात. कंस उघडला पण मिटला नाही, ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावयाचा राहिला, शब्दाचे स्पेलिंग चुकले. अशा वेळी यंत्र काम करावयासच नकार देते आणि पडद्यावर लाल अक्षरांत तक्रारींची लांबलचक माळ उमटते. मुले येथे घाबरतात आणि काही तर हा विषय आपला नव्हे म्हणून सोडून देतात. वस्तुतः या चुका सर्वांत कमी धोक्याच्या, कारण त्या स्वतःहून ओरडतात. तक्रार शांतपणे वाचावी. तीत ओळीचा क्रमांक दिलेला असतो. त्या ओळीवर काही सापडले नाही तर तिच्या वरची ओळ पाहावी, कारण अर्धविराम विसरल्याचे यंत्राला पुढच्या ओळीवर गेल्याखेरीज उमगत नाही. आणि माळेतली पहिली तक्रार तेवढी आधी निस्तरावी. बाकीच्या पुष्कळदा तिच्याच लेकी असतात.

भीती बाळगावयाची ती व्याकरणशुद्ध चुकीची. मराठी माणसाला हे 'ध' चा 'मा' या तीन शब्दांत समजावे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातले 'धरावे' बदलून 'मारावे' केले गेले ही हकिकत खरी की रचलेली याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की दोन्ही आज्ञा व्याकरणाने बिनचूक आहेत. कोणताही शुद्धलेखन तपासनीस 'मारावे' वर लाल रेघ ओढणार नाही. सी भाषेत याचा सख्खा भाऊ आहे. बरोबरचे चिन्ह दोनदा लिहिले तर 'या दोन संख्या समान आहेत काय?' असा प्रश्न होतो. एकदाच लिहिले तर 'पहिलीला दुसरीची किंमत द्या' अशी आज्ञा होते. प्रश्नाच्या जागी चुकून आज्ञा लिहिली गेली तरी ती यंत्राला चालते. फार तर सौम्य इशारा मिळतो, तोही यंत्राला तसे बजावून ठेवले असेल तर.

आता जरा मोठे उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्याच माणसाचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. जन्म १९०५ साली डहाणूला, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, आणि आयुष्यभराचा नाद आकड्यांचा. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा एक चमत्कार जाहीर केला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तेथून हलत नाही. ३५२४ घेऊ: ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. तीन फेऱ्यांत काम झाले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि जगाला या मास्तरांचे नाव कळले. आज जगभर आज्ञावली शिकणाऱ्या मुलांना हा स्वाध्याय म्हणून देतात.

मुलगा लिहितो: संख्या घे, अंक सुटे कर, लाव, वजा कर, ६१७४ येईपर्यंत फिरत राहा. ३५२४ देतो, तीन फेऱ्या. १९४७ देतो, चालते. आपल्या जन्मसालाचा आकडा, मित्राच्या गाडीचा नंबर, सगळे चालते. मग कोणी २१११ देतो आणि पडदा गप्प होतो. तक्रार नाही, उत्तर नाही. यंत्र आत कोठे तरी गरगर फिरत असते.

अशा वेळी नवशिक्या काय करतो? इकडे एक अधिक, तिकडे एक उणे, एखादी ओळ पुसून पाहा, असे अंधारात हात मारू लागतो. दहा जागी बदल केल्यावर मूळ चूक राहतेच आणि नव्या तीन वस्तीला येतात. जाणता माणूस एकाच ओळीची भर घालतो: प्रत्येक फेरीनंतर हाती असलेली संख्या छापून दाखव. लगेच पडद्यावर उमटते: ९९९, ०, ०, ०, ०, आणि असेच पुढे न संपणारे शून्य. आता काही सांगावे लागत नाही. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. कापरेकर मास्तरांनी फळ्यावर ते ०९९९ असे लिहिले असते, कारण खेळ चार अंकांचा आहे. यंत्राच्या लेखी मात्र संख्येच्या डावीकडचे शून्य म्हणजे काहीच नव्हे. त्याने तीन नऊ पाहिले, ९९९ वजा ९९९ केले आणि शून्यात जाऊन बसले. दुरुस्ती एका ओळीची: अंक सुटे करण्यापूर्वी डावीकडे शून्ये भरून चार जागा पुऱ्या कर. मग ०९९९ वरून ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि पाचव्या फेरीत ६१७४.

ही चूक किती वेळा दिसली असती, याचा हिशेब कागदावर करता येतो. वजाबाकी तीन अंकी यावी यासाठी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांत एकाचाच फरक हवा आणि मधले दोन अंक सारखे हवेत. १००० ते ९९९९ यांत अशा संख्या फक्त ६८ आहेत. चारी अंक सारखे असलेल्या नऊ संख्या सोडल्या तर उरतात ८,९९१. म्हणजे ही सदोष आज्ञावली ८,९२३ संख्यांना बिनचूक उत्तर देते! मनाला येतील ते वीस-पंचवीस आकडे देऊन पाहिले तर ती पास होण्याचाच संभव अधिक. म्हणून तपासणीसाठी कडेचे आकडे मुद्दाम निवडावे लागतात: सर्वांत लहान, सर्वांत मोठा, शून्ये असलेला, सारखे अंक असलेला. येथे तर यंत्रालाच सर्व संख्या एकामागून एक द्यावयास सांगता येते. ते काम त्याला डोळ्याचे पाते लवण्याइतकेही जड नाही. आणि ११११ सारख्या संख्येला कापरेकरांनी दारातच अडवले होते. ती अट मुलगा लिहावयास विसरला असेल तर तेथेही शून्याचे तेच गरगरणे.

इतवारीतल्या जुन्या पेढ्यांवरच्या मुनीमजींना हे सर्व ऐकून नवल वाटले नसते. किर्दीवरून खतावणी झाली, तेरीज जुळत नाही, अशा वेळी ते पहिल्या पानापासून सर्व पुन्हा मोजत बसत नसत. आधी फरकाची रक्कम पाहावयाची. तिला नवाने भाग गेला तर कोठे तरी दोन अंक अदलाबदल झाले असावेत असा संशय घ्यावयाचा. ५४ चे ४५ झाले की फरक ९, ८२० चे २८० झाले की फरक ५४०. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत आढळली तर ती नोंद जमेऐवजी नावे पडली असावी. चुकीचा चेहरा पाहून तिचे घर ओळखण्याची ही विद्या आहे, आणि आज्ञावलीच्या चुका शोधण्यात ती जशीच्या तशी उपयोगी पडते. कापरेकरांच्या खेळातली प्रत्येक वजाबाकी नवाने भागली जाते, कारण दोन्ही संख्यांचे अंक तेच असतात. म्हणून आज्ञावलीतच पहारेकरी बसवता येतो: उत्तराला नवाने भाग गेला नाही तर तेथेच थांब आणि ओरड. मात्र आपली ९९९ ची चूक या पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली असती. ९९९ ला नवाने भाग जातो, शून्यालाही जातो. नवाचा ताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबरच, असे आपल्या मास्तरांनीही कधी सांगितले नव्हते.

आणखी एका चुकीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण तिचे स्मारकच आपल्या गावात उभे आहे. शून्य मैलाच्या खांबापासून दहाव्या मैलाच्या दगडापर्यंत एकूण दगड किती? घाईत उत्तर येते दहा; आहेत अकरा. अंतरे दहा आणि दगड अकरा. पुष्कळ संगणकभाषा मोजणी शून्यापासून करतात आणि आपण एकापासून करतो; त्यामुळे शंभर विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज करताना पहिला सुटतो किंवा नसलेला एकशे एकावा शोधला जातो. एकाने चुकणारी ही चूक वीस-वीस वर्षे या धंद्यात मुरलेल्यांच्या हातूनही होते.

पहिल्या पिढीतल्या शास्त्रज्ञांनाही हा अनुभव अनपेक्षितच होता. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. तो घडविणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, एकदा जिन्याच्या वळणावर असता त्यांना एकाएकी जाणवले, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलीतल्या चुका शोधण्यात जाणार. त्यांच्या सव्वाशे ओळींच्या एका आज्ञावलीची पट्टी पुढे अभ्यासकांना मिळाली. तीत वीसएक चुका निघाल्या. बग या शब्दाची गोष्टही प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या एका रिलेत खराखुरा पतंग सापडला आणि तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनने १८७८ साली यंत्रातल्या खोडीला तोच वापरला होता. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा मोठा संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्या काळी यंत्राचा वेळ महाग आणि तो वाटून घ्यावयाचा. त्यामुळे आज्ञावली यंत्राला देण्यापूर्वी कागदावर ओळ न् ओळ स्वतः चालवून पाहण्याची सवय लागे. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे म्हणून ती सवय गेली, आणि माझ्या मते हे नुकसानच झाले. २१११ चा घोळ पेन्सिलीने दोन मिनिटांत उघडकीस येतो.

हे सारे खेळातल्या आकड्यांचे झाले. पण आकड्यांमागे माणसे असतात. इंग्लंडच्या डाकखात्याने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणकव्यवस्था खेडोपाडीच्या पोस्टांत बसविली. तीत दोष होते. गल्ल्यातली रोकड बरोबर असता पडद्यावर तूट दिसे. पोस्टमास्तर सांगत, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. उत्तर मिळे, यंत्र चुकत नाही. यंत्र नीट चालले असेच तेथील न्यायालये गृहीत धरीत. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरदार विकून ती नसलेली तूट भरून दिली. ॲलन बेट्स आणि त्यांचे सहकारी असे ५५५ जण दाव्याला उभे राहिले, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये व्यवस्थेत दोष असल्याचा निर्णय मिळाला, आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हावयास २०२४ उजाडले. गल्ल्यातले पैसे मोजून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहणे, एवढा मुनीमजींचा साधा रिवाज कोणी प्रामाणिकपणे पाळला असता तर प्रकरण या थराला गेले नसते.

आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी यंत्रापुढे डोके धरून बसली असेल तर संगणकाचे काही ज्ञान नसतानाही आपल्याला मदत करता येते. जवळ बसावे आणि म्हणावे, तू काय लिहिले आहेस ते मला ओळीओळीने सांग. परदेशात काही लोक या कामी टेबलावर रबराचे बदक ठेवतात आणि त्याला समजावून सांगतात. आपल्याकडे आजी-आजोबा आहेत. मग तीन प्रश्न विचारावे. काय यावयास हवे होते? प्रत्यक्ष काय आले? कोणत्या सर्वांत लहान आकड्याला बिघडते? बहुधा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना, आपल्याला अवाक्षर कळलेले नसताना, तो मध्येच थांबेल, "अरे, असं आहे होय!" म्हणेल आणि खुर्ची पुढे ओढील. दुरुस्ती झाल्यावर आपण आणखी एवढेच सुचवावे की मघाशी जे आकडे बरोबर येत होते ते सर्व पुन्हा एकदा देऊन पाहा. २१११ सुधारताना ३५२४ बिघडला नाही ना, हे त्या घाईत कोणी पाहत नाही.